पावसाळ्यात टर्बिडिटीचं, म्हणजे पाण्याच्या गढूळपणाचं, रीडिंग एका जागी थांबत नाही, तेव्हा काय तपासावं

मृगाचा पाऊस झाला, धरणांत नवं पाणी यायला लागलं की नाशिककडच्या पाणी तपासणी प्रयोगशाळांत ही तक्रार हमखास ऐकू येते. बाटली तीच, यंत्र तेच, हात तोच. पण नेफेलोमीटर, म्हणजे गढूळपणा मोजणारं यंत्र, एकदा ४.२ दाखवतो, लगेच परत लावलं तर ६.८, आणि चहा पिऊन येईपर्यंत ५.१. यंत्र बिघडलं असं ठरतं, सर्व्हिसवाल्याला फोन जातो. तो येऊन स्टँडर्ड, म्हणजे गढूळपणा आधीच माहीत असलेला नमुना, लावून दाखवतो, स्टँडर्ड बरोबर येतं, तो निघून जातो. दसऱ्यानंतर तक्रार आपोआप मिटते, त्यामुळे मुळापर्यंत जायची निकड कुणाला वाटत नाही. पुढच्या मृगाला पुन्हा तेच.

यंत्र बहुतेक वेळा ठीकच असतं. हलत असतं ते पाणी, नाहीतर दोष असतो नमुना भरायच्या काचनळीचा. आणि ते ओळखायला नवं उपकरण लागत नाही. रीडिंग किती आलं याच्या आधी ते कुठल्या दिशेला सरकतंय हे बघायची सवय लागते. सतत खाली घसरणारं, हळूहळू वर चढणारं, मध्येच उडी मारणारं आणि स्थिर राहूनही चुकीचं असणारं, या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि इलाजही वेगळा.

त्याआधी, एवढा खटाटोप कशासाठी ते. आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं आपलं २०१२ चं मानक, गढूळपणासाठी १ एनटीयू (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) ही स्वीकारार्ह मर्यादा देतं आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालवून घेतं. वरची तीन रीडिंगं बघा, ती ५ च्या दोन्ही बाजूंना पडली आहेत. पेठ किंवा सुरगाण्यातल्या एखाद्या पाड्याची एकुलती एक विहीर असेल, तर ग्रामपंचायतीत तो कागद उघडणारा माणूस आकड्याकडे बघत नाही, पुढे ‘योग्य’ लिहिलंय की ‘अयोग्य’ एवढंच बघतो. शिवाय गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकली तरी कणांच्या आडोशाला जंतू तग धरतात, आणि मातीबरोबर आलेला पालापाचोळ्याचा अंश क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना निर्जंतुकीकरणाआधी पाणी शक्यतो १ एनटीयूच्या खाली आणायला सांगते. आपला आकडा चुकला तर पावडरीचा हिशोबही चुकतो.

आणि कृपा करून तीन रीडिंगांची सरासरी काढून मोकळं होऊ नका. सरासरी काढायची ती योगायोगाने इकडेतिकडे होणाऱ्या आकड्यांची. एक रीडिंग काचेवरच्या दवामुळे जास्त आलं असेल आणि दुसरं गाळ बसल्यामुळे कमी, तर त्यांची सरासरी पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

रीडिंग वर चढत जातं

पावसाळ्यातला पहिला संशयित हाच, आणि तो सर्वात सहज निसटतो.

नमुना आला की तो फ्रीजमध्ये जातो. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. टर्बिडिटी त्याच दिवशी करायची, जमलंच नाही तर नमुना अंधारात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत करायची. गडबड होते ती बाटली बाहेर काढल्यावर. जुलैमध्ये नाशिकच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली दव धरतं तो आकडा, २० अंशांच्या वर असतो. ४ अंशांचं पाणी काचनळीत ओतलं की नळीला बाहेरून घाम येणारच. तुम्ही नळी पुसून यंत्रात ठेवता, झाकण लावता, आणि आत अंधारात ती पुन्हा दव धरते. नेफेलोमीटर प्रकाशाच्या झोताशी काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजतो. तो प्रकाश पाण्यातल्या मातीने विखुरला की काचेबाहेरच्या दवाने, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आकडा चढत राहतो.

परीक्षा अगदी साधी आहे. चढलेलं रीडिंग वहीत टिपा, नळी बाहेर काढा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि लगेच परत लावा. आकडा झपकन खाली आला आणि पुन्हा चढायला लागला, तर दुसरं काही शोधू नका. बाटली झाकणासकट नळाच्या साध्या पाण्याच्या बादलीत ठेवा आणि आतलं पाणी खोलीच्या तापमानाला आलं की मगच पुढे जा. तापमान हाताने अंदाजू नका, थर्मामीटर लावा. तो आकडा तसाही नोंदवहीत हवाच असतो.

त्याहून चांगला उपाय कामाचा क्रम बदलण्याचा. पेटी गाडीतून उतरली की वास आणि टर्बिडिटी या दोन तपासण्या आधी उरकायच्या आणि मग बाटल्या फ्रीजमध्ये लावायच्या. बऱ्याच ठिकाणी नोंदणी, कोड नंबर, शिक्के हे सगळं होईपर्यंत बाटल्या फ्रीजमध्ये जातात, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या एकदम बाहेर येतात आणि दहा वाजता कामाच्या रेट्यात थंडच्या थंड मोजल्या जातात. हा क्रम सुधारला तर माझ्या मते पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील.

चढण्याचा आणखी एक प्रकार आहे. तो मिनिटांचा नाही, तासांचा. बोअरवेलचं पाणी भरताना काचेसारखं स्वच्छ असतं, जलसुरक्षक, म्हणजे गावातून नमुना घेणारा माणूस, शपथेवर सांगतो की स्वच्छच होतं, आणि प्रयोगशाळेत बाटलीच्या तळाला तांबूस नाहीतर पांढरट गढूळपणा दिसतो. दोघंही खरे असतात. जमिनीखाली हवा नसते तिथे लोह विरघळलेल्या रूपात राहतं. वर येऊन हवा लागली की त्याचे तांबूस कण तयार होतात. कठीण पाण्यातून कार्बन डायॉक्साइड निसटला की कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन खाली बसतं. बेसॉल्टमधल्या आपल्या विहिरींचं पाणी कठीण असण्याची तक्रार नवी नाही, त्यामुळे हा दुसरा प्रकार डोक्यात ठेवाच. अशा नमुन्याला प्रयोगशाळेतलं कुठलंही कौशल्य वाचवू शकत नाही. बाटली गळ्यापर्यंत, हवेला जागा न ठेवता भरायची आणि शक्य असेल तर जागेवरच मोजायचं. नाहीच जमलं, तर अहवालात नमुना घेतल्याची आणि मोजल्याची वेळ, दोन्ही लिहायच्या.

रीडिंग खाली घसरत जातं

इथे गुंता खरा आहे, कारण घसरण्याची दोन कारणं आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो. पाण्यातले बुडबुडे वर जात असतील तर घसरणारं रीडिंग खऱ्या आकड्याकडे चाललंय. गाळ खाली बसत असेल तर ते खऱ्या आकड्यापासून लांब चाललंय. पहिल्यात थांबायचं, दुसऱ्यात थांबायचं नाही.

बुडबुडे येतात कुठून? बाटली जोरात हलवल्याने येतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुन्हा तोच फ्रीजही त्याला कारण आहे. समुद्रसपाटीला ४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर. नाशिक उंचावर असल्याने दोन्ही आकडे थोडे उतरतात, फरक तसाच राहतो. नायट्रोजनचंही असंच. थंड पाणी गरम होताना हा जास्तीचा वायू बाहेर पडतो आणि नळीच्या भिंतीला आतून बारीक मोत्यांसारखा चिकटतो. डोळ्यांना दिसले तर बरं, नुसत्या नजरेला न दिसणारे बुडबुडेसुद्धा प्रकाश विखुरतात. १ एनटीयूच्या आसपासच्या, म्हणजे फिल्टर होऊन आलेल्या पाण्यात ते सर्वांत जास्त छळतात, कारण तिथे मुळात विखुरायला दुसरं काही नसतं.

आता वेळेचं गणित. स्टोक्सच्या नियमाने, म्हणजे द्रवात कण किती वेगाने खाली-वर जातो ते सांगणाऱ्या सूत्राने काढलेले हे आकडे भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहेत. नळीत ५ सेंटिमीटर पाणी धरा, तापमान २० अंश. २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण तेवढं अंतर अडीच मिनिटांच्या आत उतरतो. २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला जवळजवळ चार तास लागतात, १ मायक्रॉनच्या कणाला पंधरा तासांच्या वर. बुडबुड्यांचं बघा: दशांश मिलिमीटरचा बुडबुडा दहा सेकंदांत वर येतो, पण २० मायक्रॉनचा बुडबुडा चारेक मिनिटं घेतो. म्हणजे बारीक बुडबुडे जायला लागणारा वेळ आणि मध्यम गाळ बसायला लागणारा वेळ एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘पाच मिनिटं थांबून रीडिंग घ्या’ असा सरसकट नियम त्यामुळेच फसतो. फिल्टरच्या पाण्याला तो लागू पडतो, पुराच्या पाण्याला नाही.

कुठल्या पाण्यात काय होणार याचा अंदाज नमुन्याच्या गावावरून बांधता येतो. निफाड, येवल्याकडच्या काळ्या मातीतून आलेल्या पाण्यात चिकणमाती इतकी बारीक असते की बाटली रात्रभर ठेवली तरी वरचा थर निवळत नाही. तिथे रीडिंग घसरलं तर ते बहुधा बुडबुडेच. उलट घाटमाथ्याकडून, ओढ्यांतून उताराने धावत आलेल्या पाण्यात रेती आणि भरड गाळ जास्त. तिथे झाकण लावेपर्यंत आकडा पडायला लागतो. आणि गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की त्या दिवसांतल्या नदीच्या नमुन्यांत दोन्ही एकत्र असतं, भरड आणि बारीक. ते सर्वांत अवघड.

तरीही अंदाजावर थांबू नका, तपासा. घसरलेलं रीडिंग लिहा. नळी बाहेर काढून दोन-तीन वेळा अगदी सावकाश उलटी-सुलटी करा, हलवू नका, आणि लगेच परत लावा. आकडा जवळजवळ पहिल्या जागी परत गेला तर गाळ बसत होता. खालीच राहिला तर बुडबुडे निघून गेले होते आणि खालचा आकडा खरा. दुसरी खूण मोबाइलच्या टॉर्चची. खोलीतला दिवा बंद करा, नळीवर बाजूने उजेड टाका आणि समोरून न बघता आडव्या बाजूने बघा. वर जाणारे ठिपके बुडबुडे, खाली जाणारे कण. नव्या मुलांना नेफेलोमीटरचं तत्त्व शिकवायलाही याहून सोपी रीत मला माहीत नाही, कारण यंत्र आत नेमकं हेच करत असतं.

बुडबुडे निघाले, तर पाणी खोलीच्या तापमानाला आणा, नळी तिरकी धरून भिंतीवरून ओता, आणि तरी राहिले तर हलका व्हॅक्यूम लावा. अल्ट्रासॉनिक बाथ जपून वापरा. बुडबुड्यांबरोबर तो मातीचे गठ्ठेही फोडतो, आणि गठ्ठा फुटून बारीक कण झाले की टर्बिडिटी वाढते. तुरटी टाकलेल्या पाण्यात, जिथे कणांचे मुद्दाम गठ्ठे बांधलेले असतात, तिथे तर तो नकोच.

गाळ निघाला, तर नळी भरल्यापासून रीडिंगपर्यंतचा वेळ घड्याळ लावून पक्का करा आणि सगळ्या नमुन्यांना तोच ठेवा. आणि एक गोष्ट मान्य करा: ही पद्धत पटकन तळाला बसणाऱ्या भरड गाळासाठी नाहीच, मानकाच्या पद्धतीतच ते लिहिलेलं आहे. तळाला रेती दिसत असेल तर अहवालात ‘जड गाळ आढळला’ अशी ओळ हवी आणि सोबत तरंगत्या घन पदार्थांची, म्हणजे टीएसएसची तपासणी हवी. एनटीयूचा एकटा आकडा अशा पाण्याचं वर्णन करू शकत नाही.

रीडिंग उड्या मारतं

५ वरून एकदम ११, परत ५. एखादा मोठा कण, तंतू नाहीतर मोठा बुडबुडा झोतातून जातोय. टिश्यू पेपरने नळी पुसत असाल तर तो तंतू तुमच्याच टिश्यूचा असू शकतो. सतत उड्या येत असतील तर टेबल थरथरत असेल, टेबलावरचा सेंट्रिफ्यूज बंद करून बघा. टंगस्टन दिव्याचं यंत्र असेल तर वीज गेल्या-आल्यानंतर त्याला अर्धा तास तापू द्या. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

रीडिंग स्थिर, पण नळी बदलली की बदलतं

हा काचेचा दोष. ओरखडे, बोटांचे ठसे, आणि आपल्याकडच्या कठीण पाण्याने आतून धरलेला पांढरा पापुद्रा. पापुद्र्याला साबण चालत नाही, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा आणि डिस्टिल्ड पाण्याने भरपूर खळबळा. बारीक ओरखड्यांवर सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात फिरवतात. तेलाचा आणि काचेचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळपास सारखा असल्याने ओरखडा प्रकाशाला दिसेनासा होतो. थेंबभर तेल घेऊन कापडाने जवळजवळ पूर्ण पुसून काढायचं. तेलकट नळीला धूळ चिकटते आणि आजारापेक्षा औषध जड होतं. नखाला लागणारा ओरखडा असेल तर नळी फेकून द्या.

चांगली नळीही सगळ्या बाजूंनी सारखी नसते. नळीत फिल्टर केलेलं स्वच्छ पाणी भरा, थोडी थोडी फिरवत रीडिंग घ्या, सर्वांत कमी येईल तिथे वरच्या कडेला खूण करा आणि पुढे नेहमी ती खूण यंत्राच्या खुणेसमोर आणा. यंत्राचं शून्य लावणं आणि नमुना मोजणं शक्यतो एकाच नळीत. कमी टर्बिडिटीच्या नमुन्यांत एवढ्या एका सवयीने फरक पडतो.

रीडिंग स्थिर, पण बरोबर नाही

सर्वांत धोक्याचा प्रकार, कारण कुणाला शंकाच येत नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल शेजारी ठेवला की मग कळतं.

आधी नमुना किती गढूळ आहे ते बघा. गाळ एका मर्यादेपलीकडे वाढला की विखुरलेला प्रकाश डिटेक्टरपर्यंत, म्हणजे यंत्रातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत, पोचायच्या आत दुसऱ्या कणांत अडकतो, आणि पाणी जितकं जास्त गढूळ तितकं रीडिंग उलट कमी येऊ शकतं. पुराच्या लाल पाण्याला यंत्राने साधाच आकडा दाखवला तर विश्वास ठेवू नका. नमुना निम्मा पातळ करा. रीडिंग निम्मं आलं पाहिजे. निम्म्यापेक्षा जास्त आलं, किंवा वाढलंच, तर मूळ रीडिंग खोटं. निम्म्याला निम्मं जुळेपर्यंत पातळ करत जा आणि मग गुणा. जुन्या पद्धतीत ४० एनटीयूच्या वरचा नमुना पातळ करूनच मोजायचा असा दंडक होता. एकच डिटेक्टर असलेल्या साध्या यंत्रांना मी आजही तोच लावते.

पातळ करायचं पाणी मात्र नुसतं डिस्टिल्ड असून भागत नाही. कॅनमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या डिस्टिल्ड पाण्याची टर्बिडिटी एकदा मोजून बघा. ते ०.२ मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक मेम्ब्रेनमधून गाळून घ्यायचं, भांडं त्याच गाळलेल्या पाण्याने खळबळायचं आणि गाळलेलं पहिलं २०० मिलिलिटर टाकून द्यायचं.

मग स्टँडर्ड. फॉर्माझिन, म्हणजे ज्याच्याशी यंत्राचा आकडा जुळवून घेतात (कॅलिब्रेशन) ते गढूळ द्रावण, प्रयोगशाळेतच करत असाल तर १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम हायड्राझीन सल्फेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम हेक्झामिथिलीन टेट्रामाइन. दोन्हींचे ५-५ मिलिलिटर एकत्र करून २५ अंशांच्या आसपास (तीन अंश इकडेतिकडे) २४ तास ठेवून १०० मिलिलिटर केलं की ४०० एनटीयू होतं. खोलीचं तापमान त्या रात्री किती होतं ते कुणी बघत नाही, आणि नेमकं तिथे चुकतं. पातळ केलेली स्टँडर्ड टिकत नाहीत, ती रोजची रोज करायची. ‘गेल्या सोमवारचं ५ एनटीयू’ वापरून केलेलं कॅलिब्रेशन हे कॅलिब्रेशन नव्हे. हायड्राझीन सल्फेट कर्करोगकारक म्हणून ओळखलं जातं; हातमोजे घाला, भुकटी नाकात जाऊ देऊ नका. विकतचं तयार फॉर्माझिन महाग वाटतं, तरी छोट्या प्रयोगशाळेने तेच घ्यावं असं मी सुचवेन.

यंत्राबरोबर आलेल्या सीलबंद जेलच्या नळ्या फक्त रोजच्या पडताळणीसाठी. त्यांच्यावर छापलेला आकडा सगळ्या यंत्रांना लागू होत नाही. फॉर्माझिनने कॅलिब्रेट केल्यावर लगेच त्या नळ्या आपल्या यंत्रात मोजायच्या आणि जो आकडा येईल तो त्यांच्यावर लिहायचा. सर्व्हिसवाल्याने दाखवलेलं ‘बरोबर आलेलं स्टँडर्ड’ बहुतेक वेळा हीच नळी असते. ती कोरडी, खोलीच्या तापमानाची, ओरखड्यांशिवायची आणि बुडबुड्यांशिवायची असते. तिच्यात पावसाळ्याचा कुठलाच दोष दिसणार नाही.

सगळं करूनही दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळत नसेल तर त्यांच्या यंत्रात दिवा कोणता आहे ते विचारा. टंगस्टनचा पांढरा प्रकाश आणि ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरणारी यंत्रं एकाच पाण्याला वेगळे आकडे देऊ शकतात. पालापाचोळ्याने पिवळसर झालेलं पाणी पांढऱ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं आणि रीडिंग कमी येतं. अवरक्त प्रकाशाला तो रंग फारसा आडवा येत नाही. फॉर्माझिनवर दोन्ही यंत्रं तंतोतंत जुळतील आणि नदीच्या पाण्यावर जुळणार नाहीत. इथे कुणाचीच चूक नसते. अहवालात यंत्राच्या प्रकाशाचा प्रकार लिहिला की वाद उरत नाही.

त्याच थंड बाटलीने बिघडणाऱ्या बाकीच्या तपासण्या

विद्युत वाहकता एका अंशाला जवळजवळ २ टक्क्यांनी बदलते. मीटरमध्ये तापमान भरपाई आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तापमानाचा प्रोब आणि पाणी एका तापमानाला यायला वेळ द्या. ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडला २५ अंशांवर सेंटिमीटरमागे १४१३ मायक्रोसीमेन्सच्या (वाहकतेचं एकक) आसपास आलं पाहिजे, हे रोज सकाळी बघा.

रंग तपासताना गढूळपणा काढून टाकला नाही तर जो दिसतो तो भासमान रंग. खऱ्या रंगासाठी ०.४५ मायक्रॉनमधून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. मर्यादा ५ हेझन (रंगाचं एकक), पर्याय नसेल तर १५. पावसाळ्यातले ‘रंग जास्त’ असे शेरे बरेचदा मातीचेच असतात, आणि त्यावर गावाने करायचा उपाय वेगळा असतो. वास थंड पाण्यात दबतो, म्हणून तो खोलीच्या तापमानाला आणि गरज पडली तर ६० अंशांपर्यंत तापवून घ्यायचा. वास घेणाऱ्याने त्या दिवशी अत्तर, तंबाखू, सुगंधी साबण यांपासून लांब राहायचं.

टीएसएसची अडचण वेगळी आहे, पण हंगाम तोच. १०३ ते १०५ अंशांवर सुकवलेला फिल्टर पेपर दमट हवेत तराजूपर्यंत नेईस्तोवर ओल धरतो आणि वजन दर वेळी चढतं. डेसिकेटरमधली, म्हणजे वस्तू कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली, ओल शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर तो डेसिकेटर नुसतं काचेचं भांडं आहे. सिलिका ओव्हनमध्ये निळी करून आणा, झाकणाच्या कडेला ग्रीस लावा, आणि लागोपाठच्या दोन वजनांत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी फरक येईपर्यंत सुकवणं, गार करणं, तोलणं चालू ठेवा. पाणी थोडं गाळून वजन फारच कमी येत असेल तर जास्त पाणी गाळा. दोन मिलिग्रॅमच्या गाळात अर्ध्या मिलिग्रॅमची चूक म्हणजे पाव हिस्सा गेला.

आकडा कसा लिहावा

यंत्र ६.८३ दाखवतं म्हणून ६.८३ लिहू नका. १ एनटीयूपर्यंत ०.०५ च्या पटीत, १ ते १० मध्ये ०.१ च्या, १० ते ४० मध्ये पूर्णांकात, ४० ते १०० मध्ये ५ च्या आणि १०० ते ४०० मध्ये १० च्या पटीत लिहायची रीत आहे. पुराच्या नमुन्याला ३४७.६ लिहिणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणं.

आणि आकडा ५ च्या अगदी काठावर असेल, ४.८ किंवा ५.२, तर अहवाल छापण्याआधी तोच नमुना दुसऱ्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दुसऱ्या माणसाने मोजावा. तरीही काठावरच राहिला तर ग्रामपंचायतीला फोन करून विचारा की विहिरीत पावसाचं पाणी वरून थेट उतरतंय का, कठडा फुटलाय का, आणि नमुना पावसानंतर किती वेळाने घेतला. उत्तर अहवालाच्या शेरा रकान्यात लिहा आणि पाऊस उघडल्यावर दुसरा नमुना मागवा.